‘भरून पावले’ : शुक्र आणि शिकायत यांच्या मधली जागा

‘भरून पावलो’ ही मराठीतली मोठी बहुरूपी शब्दजोडी आहे. मूळची ती पावतीवरची. अमुक रक्कम अमुक तारखेस रोख मिळाली, भरून पावलो. म्हणजे देणेघेणे संपले, आता तक्रार नाही. याच शब्दांनी माणूस कृतार्थताही सांगतो. नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेणारी म्हातारी ‘भरून पावले’ म्हणते तेव्हा तिचा कंठ दाटलेला असतो. आणि याच शब्दांनी वैतागही सांगता येतो : ‘तुमच्या मदतीने भरून पावलो बाबा!’ तिन्ही ठिकाणी शब्द तेच. फरक कळतो तो आवाजावरून, आणि छापील पानावर आवाज नसतो.

आमच्या खामगावसारख्या कापसाच्या गावात ही शब्दजोडी पुस्तकातून शिकावी लागत नाही. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेव्हापासून या गावाचे हसणे-रुसणे बाजारभावाला बांधलेले आहे. १९७०च्या दशकात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि ‘चुकारा’ हा शब्द वऱ्हाडात घरोघरी गेला. कापूस घातला की चुकाऱ्याची वाट पाहायची. तो हाती पडायचा तेव्हा त्यातून सोसायटीचे कर्ज वळते झालेले असायचे. सही किंवा अंगठा करून शेतकरी भरून पावायचा. कर्ज फिटल्याचे हलकेपण आणि उरलेल्या नोटांचे हलकेपण, दोन्ही एकाच वेळी त्याच्या हातात असायचे. त्याला त्या क्षणी कोणी विचारले असते की बाबा रे, तू सुखी की दुःखी, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

हे सारे सांगण्याचे कारण एक पुस्तक आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे आत्मकथन १९९५ साली आले, त्याचे नाव ‘मी भरून पावले आहे’. आमच्या वर्तुळात या पुस्तकाचा उल्लेख पुष्कळ होतो, वाचन त्या मानाने कमी होते, आणि जे होते ते बहुधा दुसऱ्याच माणसासाठी होते. हमीद दलवाई यांचे समर्थक त्यात हमीदभाईंचे मोठेपण शोधतात. विरोधक त्यात त्यांच्याविरुद्धचा पुरावा शोधतात. १८ एप्रिल १९६६ चा सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा, २२ मार्च १९७० ला पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, ३ मे १९७७ चा अकाली मृत्यू, हे टप्पे ठरलेले आहेत आणि दोन्ही बाजूंचे वाचक या टप्प्यांवर उतरून पुन्हा गाडीत बसतात. मधली जी लहान स्टेशने आहेत, जिथे एक बाई नोकरीला जाते, परत येते, मुलींचे पाहते, पाहुण्यांचे पाहते आणि नवरा आज घरी येईल की नाही याचा अंदाज बांधते, तिथे कोणी उतरत नाही. आमचे म्हणणे असे आहे की पुस्तक त्या लहान स्टेशनांवरच आहे.

आपल्या मुस्लिम मराठी समीक्षेची सवयच तशी पडली आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी वाट पाडली ती मोलाची होती, कारण तोवर मराठी वाचकाच्या लेखी मुसलमान एक तर इतिहासातला सरदार होता नाही तर सिनेमातला रहीमचाचा. या वाटेवर ‘आमचे प्रश्न’ मांडणारे लेखन आले आणि ते यायलाच हवे होते. तलाक, दंगल, दारिद्र्य, संशय, अस्मिता. पण हळूहळू असे झाले की प्रश्न नसलेला दिवस आपल्याला लिहिण्यालायक वाटेनासा झाला. व्यथा हे प्रवेशपत्र ठरले. ज्या कथेतला अब्दुल दिवसभर हातगाडी ओढतो, संध्याकाळी पोरासाठी बर्फाचा गोळा घेतो आणि रात्री बायकोशी भांडून मग तिच्याच हातचा चहा पितो, ती कथा संपादकाला अपुरी वाटते. ‘यात मुस्लिमपण कुठे आहे?’ असा प्रश्न येतो. भांडण आणि चहा यांच्या मध्ये जे असते त्याला मुस्लिमपण म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, हे आम्हांला कळत नाही.

वास्तविक आपल्या घरातल्या बोलण्यात या मिश्र अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही. मराठी ‘चढउतार’ म्हणते, आधी चढ आणि मग उतार. उर्दू ‘नशेब-ओ-फराज’ म्हणते, आधी खोलगट भाग आणि मग उंचवटा. आम्ही वर्गात एक भाषा शिकवतो आणि बाजारात दुसरी बोलतो, त्यामुळे हा उलटा क्रम आम्हांला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. तिसरा शब्द याहून पुढचा आहे. ‘कैसे हो?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘अलहमदुलिल्लाह’ हे उत्तर मिळते. त्यात आजचा ताप असतो, थकलेले घरभाडे असते, मुलगी पहिल्या वर्गात पास झाल्याची खबरही असते. मराठी कथेत हा शब्द एक तर धार्मिक माणसाची ओळख म्हणून येतो नाही तर विनोदाला. त्याच्या पोटात काय काय असते ते क्वचितच उघडले जाते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो धर्माच्या बाजूने येईल. मोमिनाचे काम सब्र आणि शुक्र. सुख आले तर शुक्र, दुःख आले तर सब्र, आणि दोन्हींत त्याचे भलेच, अशा आशयाची हजरत सुहैब यांच्याकडून आलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मग शिकायतीला जागा कुठे? आमची नम्र समजूत अशी की या शिकवणीत दोन्ही अवस्था खऱ्या मानलेल्या आहेत. दुःख हे दुःख नाहीच, असे तिथे म्हटलेले नाही. सूरह अलम नशरहमध्ये तर याहून बारीक गोष्ट आहे. आपण एकमेकांचे सांत्वन करताना म्हणतो की अडचणीनंतर आसानी येते. मूळ अरबीत तिथे ‘बअद’ नाही, ‘मअ’ आहे. ‘नंतर’ नव्हे, ‘सोबत’. आणि ते दोनदा सांगितले आहे. सुख आणि दुःख पाळीपाळीने येतात ही आपली सोयीची कल्पना. ते एकाच दारातून, एकाच वेळी आत शिरतात हे म्हणणे जास्त अवघड आणि जास्त खरे आहे. साहित्याने निदान तेवढे तरी पाळावे.

गझलेने ते पूर्वापार पाळले आहे. एका शेरात रडावे, पुढच्यात थट्टा करावी, तिसऱ्यात देवाशी हुज्जत घालावी. प्रत्येक शेर स्वतंत्र, त्यामुळे ‘तुमची नक्की भूमिका काय’ असे शायराला कोणी विचारत नाही. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट यांनी हे व्याकरण मराठीला समजावून दिले. इलाही जमादार यांच्या संग्रहाचे ‘जखमा अशा सुगंधी’ हे नाव घेतले तरी जखम आणि सुगंध एका श्वासात येतात. आत्मकथनाला मात्र ही मुभा आपण देत नाही. आत्मकथन म्हटले की साक्ष. साक्षीदाराने एकच सांगावे, आणि उलटतपासणीत फिरू नये.

म्हणूनच मेहरुन्निसाबाईंच्या पुस्तकाशेजारी दुसरे एक पुस्तक ठेवून पाहावे असे वाटते. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आले आणि मराठीत खळबळ माजली. बार्शीचे शाहीर अमर शेख यांची ही मुलगी. दलित पँथरचे एक संस्थापक, कवी नामदेव ढसाळ यांची ही पत्नी. (त्यांना मुस्लिम लेखिका म्हणावे का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून निघतो. घरात कम्युनिस्ट वातावरण, धर्माचा संस्कार नाही, हे खरे. पण आपल्या अंगणात किती जणांना उभे राहू द्यायचे हे मोजत बसण्यात आम्हांला रस नाही.) दोन पुस्तकांची नावे पाहा. एक बाई म्हणते, मी भरून पावले आहे. दुसरी म्हणते, मला उद्ध्वस्त व्हायचंय. वरवर पाहता एकीकडे तृप्ती आणि दुसरीकडे विध्वंस. पण दोघींची घरे पाहिली तर फार फरक नाही. दोन्ही घरांतला पुरुष समाजाचा आहे. दोन्ही घरांत कार्यकर्त्यांचा राबता आहे, पैशाची चणचण आहे, आजारपण आहे. दोन्ही घरांत बाहेर चाललेल्या लढाईचा खर्च आतल्या डब्यातून होतो आणि तो डबा बाईच्या हातात आहे. मग सूर इतका वेगळा का?

स्वभाव हे एक कारण असेल. आमच्या मते मोठे कारण काळाचे आहे. मलिकाबाईंनी लिहिले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती आणि संसार चालू होता. ढसाळ त्यानंतर तीस वर्षे, २०१४ पर्यंत जगले. म्हणजे ती पावती नव्हतीच. ते उसळत्या तेलाजवळ उभे राहून लिहिलेले आहे आणि त्याचे चटके वाक्यावाक्यात आहेत. मेहरुन्निसाबाईंचे कथन नवरा गेल्यावर अठरा वर्षांनी आले. तोवर खाते बंद झाले होते, निदान एका बाजूने. तरी दोन्ही पुस्तके नावाच्या उलट दिशेलाही सरकतात. उद्ध्वस्त व्हायचंय म्हणणाऱ्या बाईच्या मजकुरात प्रेमाची आठवण इतकी ताजी आहे की राग तिच्यातूनच पेट घेतो. ज्याच्याविषयी काही उरले नाही त्याच्यावर कोणी असे पुस्तक लिहीत नाही. आणि भरून पावलेल्या बाईच्या कथनात, कुठेही आवाज न चढवता, उधारी नोंदलेली आहे. चळवळीत बुडालेल्या माणसाबरोबर संसार करताना मिळवती बाई होणे म्हणजे काय, हे तिथे सांगितले जाते. वसुली मात्र केली जात नाही.

१९५६ साली या दोघांचे लग्न झाले. हमीद दलवाई तेव्हा कथाकार होते. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची. ‘इंधन’मध्ये कोकणातले एक गाव आपल्या सगळ्या हेव्यादाव्यांसह, वासनांसह आणि जिव्हाळ्यासह उभे राहते, मुसलमानांचा साधा दिवस मराठी कादंबरीत एवढ्या बारकाईने त्याआधी क्वचितच आला असेल. मग ललित लेखन मागे पडले, लेख आणि भाषणे पुढे आली. त्यांच्या विचारांशी आपले जमो वा न जमो, ते पटण्या-न पटण्याचा हा लेख नाही. पण साहित्याच्या बाजूने हे नुकसान नोंदवावे लागते. आणि आम्हांला असे वाटते की हमीदभाईंनी कथेतून जो रोजचा दिवस सोडून दिला तो मेहरुन्निसाबाईंनी उचलून ठेवला. बोलल्यासारख्या साध्या मराठीत, कुठलीही अलंकारिक तयारी न करता. चळवळीचा वृत्तांत सुरू झाला की हे कथन आम्हांला थोडे औपचारिक वाटते. घराचे दार उघडले की ते पुन्हा जिवंत होते.

आता ‘मेहरुन्निसा’ या नावाविषयी थोडे अवांतर. उर्दूत ‘मिहर’ म्हणजे सूर्य, माया. आणि ‘महर’ म्हणजे निकाहात स्त्रीला द्यायची रक्कम. जेर-जबर लावले नाहीत तर दोन्ही शब्द अगदी एकसारखे लिहिले जातात. देवनागरीत दुसरीच गंमत होते. महर दोन प्रकारचा : ताबडतोब द्यायचा तो मुअज्जल, आणि पुढे केव्हातरी द्यायचा तोही मुअज्जल. उर्दूत एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा. मराठीत लिहिले की रोख आणि उधार एकच होऊन जातात. व्यवहारातही बहुतेक तसेच होते. उधार महर आयुष्यभर उधार राहतो आणि नवऱ्याचा जनाजा उठायच्या आधी आजूबाजूच्या बायका विधवेला हळूच सांगतात, ‘माफ केला म्हण.’ रडता रडता ती म्हणते. शरियतने तिला दिलेला हक्क रिवाजाने असा तिच्याच तोंडून काढून घेतला जातो. मुस्लिम बाईने ‘भरून पावले’ म्हणणे याला आपल्याकडे ही एक जास्तीची कड आहे, जी बिगरमुस्लिम मराठी वाचकाच्या लक्षात येणार नाही. आपल्या लक्षात यायला हवी. हमीद दलवाई यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन झाले नाही, दहन झाले. त्या निर्णयाची चर्चा आजवर शेकडो वेळा झाली असेल. ज्या बाईला तो दिवस पार पाडावा लागला, नातेवाइकांत, शेजारात, आणि दोन मुलींसमोर, तिच्या बाजूने ती चर्चा फारशी झाली नाही.

स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतील की समाधानाचा सूर हीच बाईची सर्वांत जुनी तडजोड आहे. हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. मुलींच्या मराठी निबंधवह्या तपासताना त्याची सत्यता रोज दिसते. ‘माझी आई’ या निबंधात आई पहाटे उठते, सर्वांसाठी राबते, कधी रागावत नाही. ती दमलेली नसते. तिला कोणाचा कंटाळा आलेला नसतो. हीच मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीला आईची हुबेहूब नक्कल करून दाखवते, वैतागलेल्या आवाजासकट, आणि त्या नकलेत निबंधापेक्षा कितीतरी जास्त प्रेम असते. निबंधातली आई आणि नकलेतली आई एका पानावर आणणे हेच खरे लेखन, आणि ते आपण त्यांना शिकवत नाही.

उर्दूत हे करून दाखवणारी बाई होऊन गेली. इस्मत चुगताई यांचे थोरले भाऊ, विनोदी लेखक अजीम बेग चुगताई, दीर्घ आजारानंतर १९४१ साली वारले आणि इस्मत आपांनी त्यांच्यावर जे व्यक्तिचित्र लिहिले त्याचे नाव ‘दोजखी’. मेलेल्या भावाला नरकवासी म्हणणारे शीर्षक! आत त्याचा खोकला आहे, कुरापती आहेत, घरच्यांना छळण्याचा त्याचा अजब उत्साह आहे, आणि या सगळ्याच्या तळाशी बहिणीचा असा काही जिव्हाळा आहे की वाचणाऱ्याने हसावे की रडावे. मंटो यांची बहीण हा लेख वाचून नाराज झाली तेव्हा मंटोने तिला सांगितले की तू माझ्यावर असा लेख लिहिणार असशील तर मी आज मरायला तयार आहे. आपल्याकडे मयताविषयी चांगलेच बोलावे असा दंडक आहे आणि तो बरा आहे. इस्मत आपांनी तो मोडला असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी ‘चांगले’ या शब्दात जास्त माणसे मावतील एवढी जागा केली.

मराठीत मुस्लिम लेखिकेच्या हातून ‘दोजखी’च्या तोडीचे व्यक्तिचित्र अजून यायचे आहे. मलिकाबाईंकडे त्यासाठी लागणारी धार होती, मेहरुन्निसाबाईंकडे लागणारी माया होती. दोन्ही एका हातात आल्या नाहीत. पण पुढच्या लेखिकेला या दोघींना वगळून जाता येणार नाही. दोघींपैकी एकीला ‘बंडखोर’ आणि दुसरीला ‘सोशिक’ अशा चिठ्ठ्या लावून आपण कपाटात ठेवले तर तिला काहीच हाती लागणार नाही. मेहरुन्निसाबाई २०१७ साली गेल्या. त्यांच्या निधनानंतर जे लिहिले गेले त्यातही बहुतेक ठिकाणी पहिल्या ओळीत हमीदभाईंचे नाव होते.

तेव्हा पुन्हा शीर्षकाकडे. आजवर ते आम्ही कृतार्थतेचे म्हणून ऐकत आलो. पावतीचे म्हणूनही ऐकता येते. आणि एखाद्या दमलेल्या संध्याकाळी, कार्यकर्त्यांच्या चहाचे कप विसळताना, ते तिसऱ्या आवाजातही म्हटले गेले नसेल असे कोणी सांगावे? शिवाय एक शब्द राहतो. पावतीवर नुसते ‘भरून पावलो’ असते. तिथे ‘आहे’ नसते, कारण व्यवहार संपलेला असतो. आणि पावत्या पुरुषांच्या नावे फाटत असल्यामुळे ते ‘पावलो’च असते. मेहरुन्निसाबाईंनी ‘पावले’ म्हटले, आणि पुढे ‘आहे’ ठेवले.